पाणी, वाट आणि मालमसाला : लासलगावच्या दगडावरून डोलोमाइटच्या प्रश्नाचा आढावा

लासलगाव परिसरात विहिरीला सुरुंग लागला की वर येणाऱ्या डबरात दोन तऱ्हेचे दगड दिसतात. एक घट्ट काळा पाषाण, घण बसला तरी ठणठणणारा. दुसरा मांजऱ्या. तो फोडला की आत पांढरे ठिपके दिसतात, कुठे हिरवट अस्तर, तर कुठे बोटाच्या पेराएवढे चमकदार स्फटिक. कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ठाऊक असलेले नाशिक जिल्ह्यातले हे गाव दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसलेले आहे. दगडातले ते पांढरे ठिपके मात्र लाव्हातून जसेच्या तसे आलेले नाहीत. लाव्हा थिजल्यावर वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांतून खनिजे विरघळलेले गरम पाणी फिरले आणि त्याने ते स्फटिक मागाहून तिथे बसवले.

असेच तापलेले पाणी बेसाल्टऐवजी चुनखडकातून फिरले, तर काय होते? अनेक ठिकाणी चुनखडकाचा डोलोमाइट होतो. हा बदल कसा होतो, केव्हा होतो आणि पुष्कळदा का होत नाही, या प्रश्नावर भूशास्त्रज्ञ दोनशेहून अधिक वर्षे विचार करत आहेत. त्या विचाराचा हा आढावा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : उष्णता ही या बदलाची केवळ सुरुवात करून देते. निकाल लागतो तो पाण्याला मिळालेल्या वाटेवर आणि त्या वाटेत मिळालेल्या मालमसाल्यावर. आपला नाशिकचा दगड हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सिद्ध करतो.

जुने कोडे

चुनखडकाचे मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटात निम्म्या कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम असते, आणि तेही शिस्तीत : कॅल्शियमचा एक थर, मग कार्बोनेटचा, मग मॅग्नेशियमचा, पुन्हा कार्बोनेटचा. ओळखायची साधी रीत जुनीच आहे. विरळ, थंड हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइट जवळजवळ गप्प राहतो, आणि खरवडून त्याची पूड केली तरच बुडबुडे सोडू लागतो. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमियू यांनी १७९१ मध्ये आल्प्समधल्या अशा दगडाचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी सोस्यूर यांनी त्याला दोलोमियूंचे नाव दिले.

कोडे असे आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या एका अणूमागे मॅग्नेशियमचे पाच अणू असतात. हिशेबाने पाहिले तर त्या पाण्यातून डोलोमाइट आपोआप खाली बसायला हवा. प्राचीन खडकांत त्याचे डोंगरच्या डोंगर आहेत, पण आजच्या समुद्रात तो क्वचितच तयार होताना दिसतो. अमेरिकेतील लिंटन लँड यांनी २५ अंश तापमानाला, डोलोमाइटला हवे त्याच्या हजारपट संपृक्त द्रावण ठेवले. ३२ वर्षे वाट पाहिली. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला : डोलोमाइट तयार झाला नाही.

घोडे पेंड खाते ते दोन ठिकाणी. पहिले, मॅग्नेशियमचा आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती इतके घट्ट धरून ठेवतो की स्फटिकात शिरण्याआधी ते सुटतच नाहीत. दुसरे, थरांची ती शिस्त. वाढत्या पृष्ठभागावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जागा चुकवून बसतात आणि मग पुढची वाढ अडते. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील वेनहाओ सुन आणि जूनसू किम यांनी, जपानमधील होक्काइदो विद्यापीठाच्या युकी किमुरा यांच्यासह, या दुसऱ्या अडचणीवर नेमके बोट ठेवले. चुकीच्या जागी बसलेले अणू आधी विरघळून निघाले पाहिजेत, तरच नवा थर नीट बसतो. येवल्याचा विणकर पैठणीत चुकलेला धागा उसवून मगच पुढे विणतो, तसे. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या इलेक्ट्रॉन झोताने द्रावण थोड्या थोड्या वेळाने आम्लधर्मी केले, चुकीचे अणू विरघळवले आणि ८० अंश तापमानाला दोन तासांत सुमारे ३०० थर वाढवून दाखवले. निसर्गात हेच काम भरती-ओहोटी, पाऊस आणि ऋतुचक्र करत असावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

जिवाणूंचाही यात वाटा आहे. ब्राझीलच्या लागोआ व्हर्मेल्या या खारट सरोवरात सल्फेट वापरणारे जिवाणू साध्या तापमानाला डोलोमाइट तयार व्हायला मदत करतात, हे व्हास्कोन्सेलोस आणि मॅकेंझी यांनी १९९५ मध्ये मांडले. म्हणजे थंड पाण्यातही डोलोमाइट होतो, पण अडखळत आणि थोडा थोडा.

उष्णतेने काय साधते

तापमान वाढले की मॅग्नेशियमभोवतालची पाण्याची पकड सैल होते आणि अणू जागा बदलू लागतात. प्रयोगशाळेत २०० अंशांच्या आसपास डोलोमाइट काही दिवसांत तयार होतो. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते, म्हणून तीन-चार किलोमीटर खोल गाडल्या गेलेल्या चुनखडकाला १०० अंशांची उष्णता आयतीच मिळते. तरीही जगातले कितीतरी खोल गाडलेले चुनखडक चुनखडकच राहिले. नुसत्या उष्णतेने भागत नाही, याचा यापेक्षा उघड पुरावा नको.

मॅग्नेशियम किती लागते, त्याचा हिशेब मांडून पाहू. एक घनमीटर सलग कॅल्साइटचे वजन सुमारे २,७१० किलो. त्याचा पूर्ण डोलोमाइट करायचा तर सुमारे ३३० किलो मॅग्नेशियम हवे. समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात ते जेमतेम १.३ किलो असते. म्हणजे त्या पाण्याने आपल्याजवळचे सगळे मॅग्नेशियम देऊन टाकले, तरी एका घनमीटर दगडासाठी किमान अडीचशे घनमीटर पाणी त्यातून गेले पाहिजे. प्रत्यक्षात पाणी आपले सगळे मॅग्नेशियम कधीच सोडत नाही, त्यामुळे हा आकडा कितीतरी वाढतो. साचलेल्या पाण्याने हे काम होणार नाही. पाणी वाहते हवे, दीर्घकाळ वाहते हवे आणि मागून ताजा पुरवठा चालू हवा.

ही वाट बहुधा भ्रंशांतून मिळते. कवचावर ताण येऊन खडक सरकतो, उभ्या भेगा उघडतात आणि खोलवरचे तापलेले, अतिखारट पाणी त्यांतून वर चढते. वर घट्ट शेलचा थर आडवा आला की ते थबकते आणि त्याच्याखालच्या सच्छिद्र चुनखडकात आडवे पसरते. डोलोमाइटही नेमका त्याच पट्ट्यात सापडतो : भ्रंशालगत उभा, शेलखाली पसरलेला. ग्रॅहॅम डेव्हिस आणि लँगहॉर्न स्मिथ यांनी २००६ मध्ये अशा ठिकाणांचा मोठा आढावा घेऊन हे चित्र पक्के केले. मिशिगनमधले अल्बियन-सिपिओ तेलक्षेत्र हे त्याचे ठळक उदाहरण. १९५७ मध्ये सापडलेले हे क्षेत्र सुमारे ५० किलोमीटर लांब आहे, पण रुंदी दीड-दोन किलोमीटरसुद्धा नाही. पट्ट्याच्या बाहेर पाऊल टाकले की घट्ट, कोरडा चुनखडक लागतो.

तेल तिथेच का साठले, यालाही हिशेब आहे. कॅल्साइटचे दोन रेणू जाऊन डोलोमाइटचा एक रेणू येतो तेव्हा, बाहेरून जादा कार्बोनेट आले नाही तर, घन पदार्थाचे आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी घटते. शिवाय गरम पाणी काही दगड विरघळवूनही नेते. राहिलेल्या पोकळ्यांत तेल साठते, वायू साठतो, आणि कित्येक ठिकाणी शिसे-जस्ताची धातुके बसतात. मिसिसिपी खोऱ्यातली प्रसिद्ध शिसे-जस्त खनिजे अशाच खारट, गरम पाण्याने कार्बोनेट खडकांत आणली.

दगड आपली हकिगत कशी सांगतो

अमुक डोलोमाइट गरम पाण्याने झाला, हे ठरवतात कसे? पहिली खूण डोळ्यांना दिसते. गरम पाण्यातल्या डोलोमाइटचे स्फटिक पुष्कळदा सरळ कडांचे नसतात. त्यांचे पृष्ठ घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले असते. हा खोगिरी डोलोमाइट बहुधा ६० ते ८० अंशांच्या वरच तयार होतो.

दुसरी खूण त्याहून बोलकी आहे. स्फटिक वाढताना त्याच्या अंगात त्या वेळच्या पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात. दगड थंड झाला की थेंब आकसतो आणि त्यात एक बुडबुडा उमटतो. दगडाचा पारदर्शक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालच्या छोट्या शेगडीवर ठेवून हळूहळू तापवतात. १०० अंश, ११० अंश, १२० अंश. बुडबुडा थरथरत लहान होतो आणि एका क्षणी दिसेनासा होतो. त्या क्षणीचा आकडा म्हणजे स्फटिक तयार होतानाचे किमान तापमान. मग तोच थेंब गोठवतात आणि बर्फ किती अंशांवर वितळते, त्यावरून पाणी किती खारट होते ते कळते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तापमान आणि पाण्याचे मूळ, तर स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून ते पाणी कोणकोणत्या खडकांतून आले, याचा माग काढता येतो.

कुठे वाद आहे

इथवर सगळे सरळ वाटते, पण २००२ मध्ये हान्स माखेल आणि जेफ लोनी यांनी या सगळ्या विचारालाच धारदार आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की पाणी गरम होते एवढ्याने त्याला औष्णजलीय म्हणता येत नाही; ते भोवतालच्या खडकापेक्षा निश्चितपणे अधिक गरम असले पाहिजे, निदान पाच अंशांनी. खोल गाडलेल्या खडकातले १२० अंशांचे पाणी भोवतालच्या खडकाइतकेच तापलेले असेल, तर ते तिथले नेहमीचेच पाणी. म्हणून थेंबातले तापमान मोजून भागत नाही. त्या काळी तो खडक किती खोल होता, हेही ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप मॅग्नेशियमच्या हिशेबाचा. भ्रंशातून आलेले पाणी त्या भ्रंशालगतचा पट्टा बदलू शकते. शेकडो किलोमीटर पसरलेले आणि शेकडो मीटर जाडीचे डोलोमाइटचे थर नुसत्या तशा पाण्याने घडवायचे, तर तेवढे मॅग्नेशियम आणायचे कुठून? तिसरा आक्षेप असा की आधी तयार झालेला डोलोमाइट नंतरच्या गरम पाण्यात विरघळून पुन्हा स्फटिकतो, आणि मग त्याच्या अंगावर गरम पाण्याच्या सगळ्या खुणा उमटतात.

सगळे पुरावे समोर ठेवले तर मला पटणारा निवाडा असा. भ्रंशाला बिलगून असलेले, शेलखाली अडकलेले, खोगिरी स्फटिकांचे पट्टे गरम पाण्याचेच. खोऱ्याएवढे विस्तीर्ण थर मात्र बहुतेक समुद्राच्या पाण्याने लवकरच घडवले आणि गरम पाण्याने नंतर त्यांवर हात फिरवला. दोन्ही घटना खऱ्या आहेत. एकीचा पुरावा दुसरीला लावल्यामुळे वाद वाढला.

नाशिकच्या काळ्या दगडाची साक्ष

आता मांजऱ्याकडे वळू. निफाड, सिन्नर, चांदवड, येवला हा सगळा टापू बेसाल्टचा. नाशिकजवळच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींतून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते कोणालाही पाहता येतात. एखादी मोठी पोकळी नीट उघडली तर थरांचा क्रम हाताने मोजता येतो. दगडाला लागून हिरवे, मातकट अस्तर. ते सेलॅडोनाइट किंवा तत्सम चिकणखनिजाचे. त्यावर कधी कॅल्सेडनी, मग ह्यूलँडाइट आणि पेंढीसारखे बांधलेले स्टिल्बाइट ही झिओलाइट गटातली खनिजे, आणि पुष्कळदा सर्वांत शेवटी काचेसारखे अपोफिलाइट किंवा मोठा कॅल्साइट. हा क्रम म्हणजे पाण्याच्या बदलत्या रसायनाची आणि तापमानाची नोंदवही.

मुंबईचे भूशास्त्रज्ञ आर. एन. सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दख्खनमधल्या झिओलाइटांची आणि सोबतच्या खनिजांची पद्धतशीर मांडणी केली. त्याआधी १९६० मध्ये जॉर्ज वॉकर यांनी आइसलँडच्या पूर्वभागात झिओलाइटांचे खोलीनुसार पट्टे दाखवून दिले होते. पुढे तिथल्याच भूऔष्णिक विहिरींत प्रत्यक्ष तापमान मोजले गेले : स्कोलेसाइट-मेसोलाइट साधारण ७० ते ९० अंश, स्टिल्बाइट ९० ते ११०, लॉमॉन्टाइट त्याहून वर. त्यामुळे झिओलाइट हे दगडातले तापमापकच ठरले. अलीकडच्या कालमापनाने आणखी एक गोष्ट पुढे आली : दख्खनमधले काही अपोफिलाइट लाव्हा थंडावल्यावर कोट्यवधी वर्षांनी तयार झाले. म्हणजे गरम पाणी एकदाच येऊन गेले नाही, ते पुन्हा पुन्हा आले.

मग या गरम पाण्याने इथे डोलोमाइट का केला नाही? दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेशियमची वाण नाही. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण पाच ते सात टक्के असते. पण बेसाल्ट गरम पाण्यात झिजतो तेव्हा सिलिका आणि ॲल्युमिनाही सुटतात, आणि त्यांच्या सोबतीने मॅग्नेशियम लगेच चिकणखनिजांत जाऊन बसते. पोकळीचे ते हिरवट अस्तर आणि दगडाच्या फटींतली चिकणमाती त्याचा मोठा वाटा घेऊन टाकते. उरलेल्या पाण्यात कॅल्शियम, सोडियम, सिलिका राहतात, त्यांतून झिओलाइट होतात. कार्बोनेट आले तर साधा कॅल्साइट होतो. महासागराच्या तळावरच्या कण्यांवर हेच अधिक ठळकपणे दिसते : समुद्राचे पाणी तप्त बेसाल्टमधून फिरून बाहेर पडते तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे मॅग्नेशियम खडकाने काढून घेतलेले असते.

चुनखडकात याच्या नेमके उलट असते. तिथे कार्बोनेट मुबलक, मॅग्नेशियम बाहेरून आणावे लागते, आणि ते हिसकावून घ्यायला चिकणखनिजे फारशी नसतात. पाणी दोन्हीकडे सारखेच गरम. एकीकडे झिओलाइट, दुसरीकडे डोलोमाइट. उष्णतेवर निकाल ठरत नाही, हे म्हणण्याचा आधार हा.

वाटेचे महत्त्वही इथे तेवढेच दिसते. लाव्हाच्या प्रवाहाच्या घट्ट, सलग मधल्या भागात स्फटिक जवळजवळ नसतात. प्रवाहाच्या पोकळ्यांनी भरलेल्या माथ्यात ते दाटतात. दोन प्रवाहांमधले लाल मातीचे थर पाण्याला अडवतात, जसा चुनखडकाच्या प्रदेशात शेल अडवतो. विहीर खोदणारा जाणता माणूस पाणी कुठे लागेल ते याच खुणांवरून ताडतो.

गरम पाणी आजही वाहते आहे

हा सगळा भूतकाळ नव्हे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, उन्हवरे, तुरळ, राजापूर अशा कोकणातल्या ठिकाणी आणि जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या उनपदेवला गरम पाणी जमिनीतून वर येते. त्यामागे आजचा ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला उष्णतेचा स्रोत वेगळा होता. उल्काघाताने तापलेल्या बेसाल्टमधून पाणी फिरले आणि त्याने चिकणखनिजे तयार केली, हे जस्टिन हॅगर्टी आणि हॉर्टन न्यूसम यांनी २००३ मध्ये दाखवले. तिथेही मॅग्नेशियम चिकणखनिजांतच गेले.

डोलोमाइट पाहायचा तर आपल्याला पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे जावे लागते. नागपूर जिल्ह्यात सौसर समूहाचे डोलोमाइटी संगमरवर आहेत. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत चुनखडकाच्या टापूत डोलोमाइट मिळतो, तर बेळगाव-बागलकोट भागात कलादगी खोऱ्यात. सौसरचा दगड मोठ्या उष्णतेत आणि दाबात नव्याने स्फटिकला आहे, त्यामुळे त्यातल्या मूळ पाण्याच्या खुणा बऱ्याच पुसल्या गेल्या. कलादगीच्या डोलोमाइटांत मात्र सूक्ष्मजीवांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइट आजही ओळखू येतात. पोलाद कारखान्यांना डोलोमाइट लागतो आणि आम्लधर्मी जमिनीत तो मॅग्नेशियमसाठी टाकतात. निफाडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मात्र तो फारसा विरघळत नाही. तिथे मॅग्नेशियम कमी पडले तर मॅग्नेशियम सल्फेट अधिक लागू पडते.

पुढचा प्रश्न

या विषयाला आता नवी निकड आली आहे. कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडून त्याचा दगड करता येतो का, याचे प्रयोग झाले आहेत. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत बदलला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांनी तिथून काढलेल्या नमुन्यांत अँकेराइटच्या गाठी सापडल्या. अँकेराइट म्हणजे डोलोमाइटचाच लोहयुक्त भाऊबंद. कार्बोनेटचा पुरवठा वाढवला की बेसाल्टमध्येही डोलोमाइटच्या कुळातले खनिज तयार होते, असा याचा अर्थ. निकाल मालमसाल्यावर ठरतो, हे इथे माणसाने स्वतः करून पाहिले.

दख्खन हा जगातल्या मोठ्या बेसाल्ट प्रदेशांपैकी एक, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा. उद्या असा प्रयोग इथे करायचा ठरला, तर कोणत्या थरात पोकळ्या मोकळ्या आहेत, कोणत्या झिओलाइटांनी बुजल्या आहेत, मॅग्नेशियम कुठे चिकणमातीत अडकले आहे, हे आधी कळावे लागेल. ती माहिती आज विहिरींच्या डबरात आणि खाणींच्या ढिगात पडून आहे, आणि रोज हरवत आहे. स्फटिक काढणारे ते जपून काढतात, चांगला भाव येतो, पण चिठ्ठीवर लिहिलेले असते फक्त 'नाशिक' किंवा 'जळगाव'. कोणते गाव, किती खोल, कोणता थर, पोकळीत कोणते खनिज आधी आणि कोणते नंतर, हे लिहिलेले नसते. एकदा दगड पोकळीतून सुटला की ती माहिती पुन्हा मिळत नाही.

म्हणून खाणमालकांना, विहीर खोदणाऱ्यांना आणि महाविद्यालयांतल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पांढरा स्फटिक हाती आला की तो काढण्याआधी जागेवरच एक फोटो घ्या. गावाचे नाव, गट नंबर, जमिनीपासूनची खोली आणि वरच्या-खालच्या दगडाचा रंग चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी दगडासोबतच ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने आणि विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांनी अशा चिठ्ठ्या गोळा करायची सोय तालुक्याच्या पातळीवर करावी. याला मोठी यंत्रे लागत नाहीत, आणि ही नोंद आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.